सायकल, नदीकाठ आणि कलम तीन

सायकल हा शब्द ॲट्रॉसिटीच्या कायद्यात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हा कायदा १९८९ चा. २०१५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्या दुरुस्तीने कलम ३(१) च्या शेवटाकडे एक यादी घातली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नदी, ओढा, झरा, विहीर, तळे, नळ, स्नानघाट, स्मशान, रस्ता किंवा पायवाट वापरण्यापासून अडवणे हा गुन्हा. लगेच पुढच्या ओळीत आणखी एक गुन्हा आहे : सार्वजनिक ठिकाणी त्याला सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणे, पायात चप्पल घालू न देणे, नवे कपडे घालू न देणे, वरात काढू न देणे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, वर दंड.

मित्रहो, कायदे करणारे लोक हौस म्हणून शब्द वाढवत नाहीत. जे घडते, वारंवार घडते आणि जुन्या कायद्याच्या फटीतून सुटते, तेच नव्या कायद्यात नाव घेऊन लिहावे लागते. एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षे सरल्यावर या देशाच्या संसदेला ‘सायकल’ असा शब्द घालून संरक्षण द्यावे लागले. नदी, पायवाट आणि सायकल एकाच कलमात शेजारी शेजारी बसली आहेत. या लेखाचा विषय हे तिघांचे शेजारपणच आहे.

सध्या शहराशहरांतून नदीकाठ सुधारण्याचे काम जोरात चालू आहे. काठाला दगडी बांध, त्यावर चालायला पदपथ, त्याला लागून सायकल ट्रॅक, बसायला बाके, रात्री रंगीत दिवे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीचा प्रकल्प आहे, खर्च साडेचार हजार कोटींच्या वर. आमच्या पुसेगावची, सेनगावची, हिंगोलीची पोरे शिकायला आणि कामाला पुण्यात जातात, नांदेडला जातात, आणि सकाळी अशा काठावर धावतानाचे, भाड्याच्या सायकलीवरचे फोटो टाकतात. त्याखाली आपल्याच कार्यकर्त्यांच्या दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आम्ही वाचतो. एक म्हणतो, ही सवर्णांची, पोट भरलेल्यांची थेरं आहेत, आपले प्रश्न अत्याचाराचे, नोकरीचे, जमिनीचे. दुसरा म्हणतो, इथे कुठे जात विचारतात? नदीकाठ सगळ्यांचा आहे, प्रत्येक गोष्टीत जात आणू नका.

आम्हाला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. दोघांनाही इतिहासाचा विसर पडला आहे. चालण्याचा आणि चाकाचा प्रश्न आपल्या चळवळीत आज आलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून आहे. आणि नदीकाठ ‘सगळ्यांचा’ कधीच नव्हता.

आधी गावची नदी घेऊ. आमच्या तालुक्याची नदी कयाधू. रिसोडकडून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिच्यात डबकी राहतात, पावसाळ्यात रस्ते बंद करते. मराठवाड्यातल्या कोणत्याही नदीकाठच्या गावात जुन्या माणसांना विचारा, पाणवठ्याचा नकाशा तोच निघतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाटील-देशमुखांचा पाणवठा, त्याखाली बाकीच्या जाती, सगळ्यात खाली महार आणि मांग. सगळ्यांनी धुतलेले, विसळलेले पाणी आपल्या घागरीत. ज्या बाजूला पाणी उतरते, वारा जातो, त्या बाजूला आपली वस्ती. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला ‘अवकाशाची जातीय विभागणी’ म्हणतात. आमच्या आज्या त्याला ‘खालचं पाणी’ म्हणायच्या. आज्यांचा शब्द जास्त नेमका आहे.

कयाधूच्याच काठावर नर्सी आहे, परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेव म्हटले की चोखोबा आलेच. पंढरपूरच्या चंद्रभागेबद्दल आख्यायिका सांगते की, देवळापाशी आल्याचा राग धरून बडव्यांनी चोखोबांना हाकलले आणि ते नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन राहिले. पलीकडच्या काठावर! अख्खा महाराष्ट्र ज्या नदीकडे चालत जातो, त्या नदीचे पाणी एका माणसासाठी वेशीच्या भिंतीसारखे वापरले गेले. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि समाधी झाली ती देवळाच्या पायरीशी, दाराबाहेर. वारीचे कौतुक करणाऱ्यांनी ‘वारीत भेदभाव नसतो’ म्हणताना या पायरीकडे एकदा पाहावे. पंढरपूरचे दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर.

आता पुण्याचे बघू, कारण नदीकाठच्या ट्रॅकची सगळ्यात जास्त चर्चा तिथे आहे.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एका मुलीचा निबंध दोन हप्त्यांत छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे, मातंग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या त्या निबंधात ती पेशवाईतले पुणे सांगते : तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. गुलटेकडी म्हणजे आजच्या मार्केट यार्डाचा परिसर. एका शाळकरी मुलीने या शहराबद्दल जे लिहून ठेवले, ते कुठल्याही ‘चला, पुणे पाहू’ छापाच्या फेरीत सांगितले जात नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात याच पुण्याचा उल्लेख आहे. कमरेला झाडू, कारण पाऊलखुणा पुसल्या पाहिजेत. गळ्यात मडके, कारण थुंकी जमिनीवर पडता कामा नये.

थोडे थांबून विचार करा. इथे शिक्षा कशाची आहे? चोरीची नाही, मारामारीची नाही. रस्त्यावरून पायी जाण्याची. चालणे हाच गुन्हा, पाऊल हाच पुरावा, म्हणून तो पुरावा ज्याचा त्यानेच झाडूने पुसायचा. आणि ज्या सावित्रीबाई १८४८ पासून भिडेवाड्यात शिकवायला जाऊ लागल्या, त्यांच्यावर शेण-चिखल फेकला गेला तोही रस्त्यावर. शाळेत जाऊन कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाट अडवली की शाळा आपोआप बंद पडेल, हे त्या लोकांना चांगले कळत होते. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याला पायवाटेचा प्रश्न किरकोळ वाटतो, त्याला ब्राह्मणी व्यवस्था कळलेली नाही. ती देवळाच्या गाभाऱ्यात जितकी आहे, तितकीच रस्त्यावर आहे.

चाकाची गोष्ट याच्या पुढची. ऑक्टोबर १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या कामातून धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आपले लोक घ्यायला आले, पण तासाभराहून जास्त वेळ त्यांना थांबावे लागले. टांगा मिळत नव्हता. शेवटी टांगा आला, निघाला, आणि नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक दगडात अडकून उलटला. बाबासाहेब खाली फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. पाय मोडला. नंतर त्यांना खरी हकीकत कळली. कोणताही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, असे ठरले. आणि महारवाड्यातल्या ज्या माणसाने लगाम धरला, त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता.

हा प्रसंग सांगताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी हेरल्या. पहिली, टांगा हाकून पोट भरणारा माणूसही जातीच्या जोरावर बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो. ही गोष्ट सगळे सांगतात. दुसरी कुणी सांगत नाही. आपल्या नेत्याला महारवाड्यापर्यंत पायी चालत नेणे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी जीव धोक्यात घालणारा टांगा आणला. सन्मानाच्या काळजीत सुरक्षिततेची काळजी राहून गेली.

आम्हाला ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या समाजासाठी पायी चालणे कधीही ‘आरोग्यदायी सवय’ नव्हती. येसकराचे चालणे, सांगावा घेऊन गावोगाव पळणे, मेलेल्या जनावराचे ओझे घेऊन चालणे, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कोसभर चालत जाणे. ज्याच्याकडे वाहन नाही तो चालतो, आणि वाहन का नाही, याचे उत्तर जातीत आहे. म्हणून गावातला पोरगा पहिल्या पगारात मोटारसायकल घेतो तेव्हा त्याला उधळ्या म्हणण्याआधी शंभरदा विचार करावा. आणि म्हणूनच हातात महागडे घड्याळ बांधून दहा हजार पावले मोजणाऱ्याचे चालणे आणि आपल्या आजोबांचे चालणे यांना एकच शब्द असला, तरी दोघांचा इतिहास एक नाही.

पण याच चालण्याला बाबासाहेबांनी हत्यार केले. नाशिक बघा.

२ मार्च १९३०. काळाराम मंदिर सत्याग्रहाचा पहिला दिवस. आधी सभा झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. चारचारच्या रांगा, पुढे बँड, मागे स्वयंसेवक, त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया, मग पुरुष. सुमारे पंधरा हजार माणसे, मिरवणुकीची लांबी मैलभर. त्या काळापर्यंत नाशिकने एवढी मोठी मिरवणूक पाहिली नव्हती, असे चरित्रकार लिहितात. देवळाचे सगळे दरवाजे बंद होते, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट हजर. मिरवणूक वळली आणि गोदावरीच्या घाटावर आली. तिथेच तिची सभा झाली, आणि रात्री अकरा वाजता शांततेने सत्याग्रह करण्याचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी देवळाच्या दारांपाशी बसली. दादासाहेब गायकवाड आणि नाशिकचे कार्यकर्ते पुढे १९३५ पर्यंत हा लढा चालवत राहिले. ९ एप्रिल १९३० ला रामनवमीच्या रथावरून दगडफेक आणि मारहाण झाली. आपली माणसे रक्तबंबाळ झाली, पण हटली नाहीत.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. देऊळ बंद झाले म्हणून पंधरा हजार माणसे घरी गेली नाहीत. ती नदीकाठी गेली. देवळाचे दार पंचांच्या, पुजाऱ्यांच्या हातात होते, पण नदीचा घाट एवढ्या लोकांसमोर कोण कुलूप लावून बंद करणार? ज्या काठावर एकेकट्याला जायची भीती, तिथे सगळे मिळून रांगेत चालत गेले आणि रात्रीपर्यंत बसले. सार्वजनिक जागा अशी सार्वजनिक होते. सरकारच्या फलकाने होत नाही.

आणि तारीख लक्षात ठेवा. २ मार्च. याच्या दहा दिवसांनंतर, १२ मार्च १९३० ला, साबरमती नदीकाठच्या आश्रमातून दांडीची पदयात्रा निघाली. तिची स्मृती देशाने जपली, ते योग्यच आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण गोदावरीच्या घाटापर्यंत आलेली मैलभर लांबीची पदयात्रा शाळेच्या पुस्तकात किती ओळींची आहे? एका महिन्यात दोन नदीकाठी दोन पदयात्रा झाल्या. एक मिठासाठी, परकीय सरकारच्या विरुद्ध. दुसरी माणूसपणासाठी, स्वकीयांच्या विरुद्ध. दुसरीची आठवण आपणच सांगितली नाही तर कोण सांगणार?

नाशिकच्या आधी महाड झाले होते. ते आपल्या प्रत्येक वाचकाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला की, सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. २० मार्च १९२७ ला लोक मंडपातून निघून रांगेने तळ्यापर्यंत चालत जाईपर्यंत तो कागद कागदच होता. ठराव आणि तळे यांच्यातले अंतर पायांनी कापावे लागले, आणि तेवढ्यासाठी डोकी फुटली.

हाच अनुभव पुढे संविधानात उतरला. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढून वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा वापरण्यापासून रोखता येणार नाही, जर त्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने चालत असतील किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या असतील. १९४८ च्या मसुद्यात विहिरी, तलाव, रस्ते होते. ‘स्नानघाट’ हा शब्द नंतर संविधान सभेत आला. म्हणजे नदीच्या काठाचा अधिकार विचारपूर्वक, वेगळे नाव घेऊन लिहिला गेला. मग १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात नदी, ओढा, घाट, रस्ता, पायवाट सगळे आहे. त्यात सायकल नव्हती. ती यायला आणखी साठ वर्षे लागली. नवे साधन आपल्या हातात येते, तसा अडवण्याचा प्रकार नवा होतो आणि कायद्याला मागून धावावे लागते.

म्हणून सरकारी पैशाने बांधलेला नदीकाठचा पदपथ आणि सायकल ट्रॅक ही कुणाची ‘थेरं’ नाहीत. तो अनुच्छेद १५(२) चा विषय आहे. महाडच्या तळ्याइतकाच.

आपल्या मराठवाड्यात हा इतिहास आणखी उशिरा आणि आणखी रक्ताने लिहिला गेला. इकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. मुंबई इलाख्यात ठराव, परिपत्रके निघत होती तेव्हा आपल्या लोकांच्या हातात तेवढाही कागद नव्हता. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासाची धूळ धुवायला हौदाचे पाणी घेतले म्हणून तिथल्या जमावाने त्यांना घेरले होते, आणि तो जमाव मुसलमानांचा होता. अस्पृश्यता पाळायला माणूस हिंदूच असावा लागतो असे नाही, हे बाबासाहेबांनी त्यावरून नोंदवले.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. आमचा हिंगोली भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारले. घरे पेटली, लोक शिवारातून, नदी-ओढ्यांच्या कडेने रात्री चालत दुसऱ्या गावी, तालुक्याच्या ठिकाणी गेले. त्या वेळच्या कित्येक कुटुंबांसाठी नदीकाठची वाट ही जीव वाचवायची वाट होती. नकाशात तिला नाव नाही.

मग ११ नोव्हेंबर १९७९. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. ठिकाण औरंगाबाद, अंतर साडेचारशे किलोमीटरहून जास्त, पोहोचायचा दिवस ६ डिसेंबर. विदर्भ पायाखाली घालत हजारो माणसे चालली. बायका कडेवर लेकरे घेऊन, म्हातारे काठी टेकत. गावोगावच्या बौद्धवाड्यांनी भाकरी बांधल्या. आणि अडवले कुठे? बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर. पोलिसांनी पूल रोखला, लाठ्या चालवल्या, लोकांना धरून गाड्यांत कोंबले. विदर्भातून मराठवाड्यात येणारी वाट नदीवर तोडली. चाळीसगावचा पूल, खडकपूर्णेचा पूल. विद्यापीठाच्या नावाला १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. आज त्या पुलावरून गाडी भरधाव निघून जाते, आणि गाडीतल्या आपल्याच पोराला काही ठाऊक नसते.

सायकलींचा मोठा अध्याय मात्र मान्यवर कांशीरामजींनी लिहिला, आणि त्याचे मूळ पुण्यात आहे. ते पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द करून टिळक आणि गोखले यांच्या जयंतीच्या सुट्ट्या ठेवल्या गेल्या. दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्यांना निलंबित केले गेले. त्या लढ्यातून कांशीरामजी बाबासाहेबांपर्यंत पोहोचले, पुढे नोकरी सोडली, ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ, ६ डिसेंबर १९८१ ला डीएस-फोर. तेव्हाचे पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. कामगार, कारकून, विद्यार्थी सगळे सायकलवर.

१५ मार्च १९८३ ला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी दिल्लीहून सायकल यात्रा काढली. शंभराच्या आसपास सायकलस्वार, सात राज्ये, सुमारे चाळीस दिवस. पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, गाड्या नाहीत. दोन पाय आणि दोन चाके एवढे आहे, आणि त्यात काय चमत्कार होतो ते दाखवू, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दुसरी, त्याहून मोठी मोहीम सुरू झाली. देशाच्या पाच टोकांकडून, शंभर दिवस, सायकलीवर, १५ मार्च १९८४ ला संपणारी. आणि १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष. निवडणुकीच्या राजकारणाबद्दल, त्या पक्षाच्या पुढच्या वाटचालीबद्दल कुणाचे काहीही मत असो. (आमच्यातच तीन मते आहेत आणि चहा गार होईपर्यंत वाद चालतो.) पण देशातल्या सगळ्यात मोठ्या राज्याची सत्ता मिळवणाऱ्या पक्षाची पायाभरणी सायकलच्या पायडलवर झाली, हे कुणाला नाकारता येणार नाही. सायकल कुणाचे फॅड आहे, हे सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी हे जरूर वाचावे.

आता दुसऱ्या मित्राकडे येऊ, जो म्हणतो नदीकाठ सगळ्यांचा. त्याला आमचा साधा प्रश्न आहे : ट्रॅक व्हायच्या आधी त्या काठावर कोण राहत होते?

शहरात नदीचा काठ ही कुणालाच नको असलेली जागा होती. घाण पाणी, डास, पुराची भीती. महाराष्ट्रात नदीकाठच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या रेषांच्या आत दुष्काळाने, अत्याचाराने गाव सोडलेला आपला माणूस पत्रे ठोकून राहिला. १९७२ नंतर मराठवाड्यातून, १९७८ नंतर मराठवाड्यातून. गावातही तो पाण्याच्या उतारावर होता, शहरातही उतारावरच आला. जात बसने सोबत आली होती.

मग काठाला भाव आला. अहमदाबादेत साबरमतीच्या दोन्ही काठांवर साडेअकरा किलोमीटरचा प्रकल्प झाला आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलवावी लागली. त्यात दलित आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांना घरे मिळाली तीही गुजरात उच्च न्यायालयात भांडून, आणि बहुतेकांना शहराच्या कडेला, कामापासून लांब. आज तिथल्या पायी पुलावर जायला तिकीट आहे. पुण्याचा प्रकल्प त्याच धर्तीवर, साबरमतीचा आराखडा करणाऱ्याच संस्थेने आखलेला. त्याची पायाभरणी ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली. तिथे झाडांसाठी, नदीच्या पात्रासाठी आंदोलने झाली, ती योग्य होती. पण जून २०२१ मध्ये भर पावसात दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठची घरे पाडली गेली, तेव्हा झाडांसाठी उभे राहणाऱ्यांपैकी किती जण तिथे होते, हे आपण विचारायला हवे. न्यायालयाने स्थगिती दिली तोवर अनेकांचे संसार चिखलात होते. ओढ्याकाठची झोपडी ‘अतिक्रमण’ आणि नदीपात्रात घातलेला भराव ‘विकास’, हा शब्दांचा खेळ समजून घ्या.

जातीची पाटी आज कुणी लावत नाही, हे खरे. पण तिकीट असते. कपडे पाहून हटकणारा सुरक्षारक्षक असतो. हातगाडीला बंदी असते. आणि पहाटे पाचला तो ट्रॅक झाडणाऱ्या, नदीतून निर्माल्य आणि प्लास्टिक काढणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांची नावे विचारा, आडनावे विचारा. पेशवाईत आपण आपली पावले झाडूने पुसत होतो. आज दुसऱ्यांची पुसतो.

याच पुण्याच्या प्रकल्पातला बंडगार्डनचा पट्टा बघा. पुलापलीकडे येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार तिथल्या तुरुंगात झाला. याच मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते, आणि त्या भीमेच्या काठावर पेरणे फाट्याला विजयस्तंभ आहे. तिथे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब गेले होते आणि आज दरवर्षी लाखो लोक चालत जातात. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी नदीकाठची पदयात्रा कुठली, तर ही. ४४ किलोमीटरच्या काठावर मुक्ता साळवेंच्या निबंधाचा, येरवड्याच्या कराराचा एक फलक मागायला काय हरकत आहे? नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर पैसा ओतला जात आहे. त्या घाटावर २ मार्च १९३० च्या सभेची खूण हवी, ही मागणी आताच करावी लागेल. दगड बसल्यावर कुणी ऐकत नाही.

आणि आमच्या हिंगोलीचे काय? इथे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सकाळी रस्त्याच्या कडेने, मागून ट्रकचे हॉर्न ऐकत, दोघी-तिघी जणी सायकलीवर जाताना दिसतात. त्यांच्यात बौद्धवाड्यातली मुलगी असते, मातंग वस्तीतली असते, तांड्यावरची असते. त्यांच्यासाठी कुणी ट्रॅक बांधलेला नाही, खड्डे चुकवणे एवढेच आहे. उद्या कयाधूच्या काठी सुशोभीकरणाचा प्रस्ताव येईल तेव्हा पहिला पट्टा या मुलींच्या शाळेच्या वाटेवर मागायचा, की विश्रामगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, हे ठरवणाऱ्या बैठकीला आपण असलो पाहिजे.

जी पोरे पुण्यात, नांदेडात, नाशकात आहेत, त्यांनी एवढे करावे. आपल्या शहरातल्या नदीकाठ प्रकल्पाचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागवा. निळ्या रेषेच्या आतली किती घरे हटवली आणि त्यांना कुठे घर दिले, त्याची यादी मागा. ट्रॅकच्या सफाईचे कंत्राट कुणाला आणि कामगाराला किमान वेतन मिळते का, ते मागा. प्रवेशशुल्क असेल तर कोणत्या ठरावाने, त्या ठरावाची प्रत मागा. अर्जात अनुच्छेद १५(२) लिहायला विसरू नका. आणि फोटो बिनधास्त टाका, सायकलवरचाच टाका, खाली १५ मार्च १९८३ लिहून.

लाँग मार्चमध्ये चाललेली आणि १९८३-८४ च्या यात्रेत सायकल मारलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, रिसोड या पट्ट्यात कुणाच्या घरी असे आजोबा-आजी असतील, खडकपूर्णेच्या पुलावरची लाठी कुणाच्या अंगावर असेल, तर मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा : कुठून निघालात, रात्री कुठे थांबलात, भाकरी कुणी दिली, नदी कशी ओलांडली. या पावसाळ्याच्या आत जमेल तेवढे करू, आम्ही पुसेगावपासून सुरुवात करतो आहोत.

जय भीम!